आजोबांच्या मिशा हिरव्या का झाल्या?

माणसाच्या मिशा काळ्या असतात, पांढऱ्या असतात, एखाद्याच्या मेंदी लावून तांबूस झालेल्या असतात. हिरव्या मिशा मात्र कराडात तोवर कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या पाहण्याचा पहिला मान खुद्द मिशांच्या मालकालाच मिळाला. गणिताचे निवृत्त शिक्षक तुषार जगदाळे शनिवारी सकाळी अंगणात आरसा घेऊन दाढी करायला बसले आणि वस्तरा बाजूला ठेवून आरसा उन्हाकडे फिरवू लागले. आठवडाभर ते न्हाणीघरातल्या दिव्याला दोष देत होते. आता उजेड सूर्याचा होता, आणि सूर्याला कोण दोष देणार?

मिशा हिरव्या होत्या. डोक्यावरचे केसही हिरवे होते. गर्द नव्हे, कोवळ्या वाटाण्यासारखे, पण हिरवे ते हिरवेच.

"रूपाली," त्यांनी हाक मारली, "जरा बाहेर ये. आणि हसू नकोस."

आजी बाहेर आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती लगबगीनं आत गेली. तिचे खांदे हलत होते. मग त्यांची नात कैरवी आली. ती अकरा वर्षांची होती आणि तिला पदर नव्हता, त्यामुळे ती सरळ हसली.

हसण्यासारखं होतं, पण वेळ वाईट होती. दुसऱ्याच दिवशी आजोबांची पंचाहत्तरी. जुने विद्यार्थी येणार, व्याही येणार, औक्षण होणार, फोटो निघणार. गोष्ट दोन हजार साठ सालातली आहे, आणि त्या काळीही फोटो काढल्याशिवाय कुणी कुणाला शुभेच्छा देत नसत.

"हे त्या डुंबऱ्याचं काम," आजोबा म्हणाले. "हौदात क्लोरीन ओतलंय त्यानं मनाला येईल तेवढं. क्लोरीननं केस हिरवे होतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

हा हौद म्हणजे जगदाळ्यांच्या परसातला छोटा पोहण्याचा तलाव. आजीच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यावर डॉक्टरांनी तिला रोज पाण्यात चालायला सांगितलं होतं, म्हणून तो बांधला. छपरावरचं पावसाचं पाणी साठवून तो भरला होता. तेव्हाचा नियमच होता, की एकदा भरलेलं पाणी तीन वर्षं सांभाळायचं. ऊठसूट ओतून द्यायचं नाही. आता घरातला तांब्याभर पाण्याचा माठसुद्धा आठवड्यात बुळबुळीत होतो, मग इतकं पाणी तीन वर्षं स्वच्छ ठेवायचं म्हणजे खेळ नव्हे. त्यासाठी डुंबऱ्या होता.

डुंबऱ्या हा पालथ्या परातीसारखा दिसणारा यंत्रमानव. रबरी पट्ट्यांवर चालायचा, पालीसारखा भिंतीवर चढायचा, तळ घासायचा, पानं आणि केस जाळीत गोळा करायचा, क्लोरीनच्या गोळ्या टाकायचा आणि पाणी तपासायचा. कैरवीचे आईबाबा रत्नागिरीच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला असायचे, चार-चार महिने यायचे नाहीत. कैरवीला पोहायला शिकवलं ते डुंबऱ्यानंच. "श्वास सोडा. घाबरू नका. मी खाली आहे," असं तो सांगायचा, आणि खरंच खाली असायचा.

महिनाभरापूर्वी मात्र त्याचा आवाज बंद झाला होता. झालं असं, की व्याही, म्हणजे कैरवीच्या आईचे वडील धनंजयराव मोहिते, पोहायला उतरले होते. सगळे गप्पा मारत बसलेले, आणि डुंबऱ्या शाळेतल्या घोषणेसारखा ठणठणीत आवाजात म्हणाला, "सूचना. हौदात आत्ताच कुणीतरी लघवी केली आहे. जागा, उथळ बाजू." उथळ बाजूला धनंजयराव एकटेच उभे होते. आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान सोडलं, "डुंबऱ्या, मी सांगेपर्यंत एक शब्द काढायचा नाहीस." असले हुकूम ते यंत्र फक्त आजोबांच्याच आवाजातले मानायचं. तेव्हापासून डुंबऱ्या मुक्यानं काम करत होता.

आता आजोबांनी कंपनीला फोन लावला. यंत्र बिघडलंय, घेऊन जा, म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, की संध्याकाळी गाडी येईल, यंत्र नेईल, त्याची स्मृती पुसून टाकेल आणि कोरं करून दुसऱ्या कुणाला देईल.

कैरवीचं हसू तिथंच मावळलं. स्मृती पुसणार म्हणजे "मी खाली आहे" हेही पुसणार. तिला रडू आलं, पण आजोबांपुढे रडून उपयोग नव्हता. आजोबा आयुष्यभर गणित शिकवत आले होते. त्यांना आसवं नको असत, सिद्धता हवी असे.

"आजोबा, त्यानं काही केलेलं नाही हे मी दाखवून दिलं तर?"

"तर गाडी रिकामी जाईल," आजोबा म्हणाले आणि डोक्याला पंचा गुंडाळून खोलीत जाऊन बसले.

कैरवी हौदाच्या काठावर आली. डुंबऱ्या तिला पाहून वर आला. त्याच्या पाठीवरचा लाल दिवा महिनाभर पेटलेलाच होता. आजीला तो आवडायचा. संध्याकाळी पाण्यात काय छान दिसतो म्हणायची, गणपतीतही असाच ठेवू या म्हणायची.

"डुंबऱ्या," कैरवी म्हणाली, "शब्द काढायचा नाही, पण दिवा मिचकावायला बंदी नाही ना? हो असेल तर एकदा मिचकाव, नाही असेल तर दोनदा. तू क्लोरीन जास्त टाकलंस का?"

दिवा दोनदा मिचकला.

"खरं सांगतोयस?"

एकदा.

आता आरोपीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? पुरावा हवा. तेवढ्यात आजी तिचा पोहायचा झगा वाळत घालायला आली. घेतला तेव्हा तो मोरपंखी होता. आता कुठल्याशा मळकट आभाळासारखा दिसत होता.

"आजी, याचा रंग कशानं गेला?"

"क्लोरीननं, दुसऱ्या कशानं? कपड्यांवरचे डाग घालवायचं पांढरं औषध असतं ना, त्यातही तेच. रंग खातं मेलं."

कैरवी थबकली. क्लोरीन रंग खातं. मग ज्याचं काम रंग खायचं, ते आजोबांच्या केसांना नवा रंग देईल कसा? चोर घरात शिरला आणि जाताना सोन्याची साखळी ठेवून गेला, असं कधी होतं का?

दुसरा प्रश्न. आजोबांचेच पांढरे केस का हिरवे झाले? आजी टोपी घालून पोहते. आजोबा टोपी घालत नाहीत, मी काय कांदा आहे का साल चढवून घ्यायला, म्हणतात. कैरवीही टोपी घालत नाही, पण तिचे केस काळेभोर, त्यांवर हिरवं चढलं तरी दिसणार कसं? तिनं पोहताना बांधायची पांढरी रिबन शोधून काढली आणि उन्हात धरली. रिबन हिरवट होती. म्हणजे दोष आजोबांच्या डोक्यात नव्हता, पाण्यात होता.

"डुंबऱ्या, पाण्यात काहीतरी मिसळलंय?"

एकदा. दिवा असा काही जोरात मिचकला, की पाण्यावर तरंगणारे निवळीचे किडे सैरावैरा पळाले.

पाण्यात नवं काय आलं होतं? कैरवीनं हौदाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसऱ्या फेरीला शिडीजवळच्या दोरीला अडखळून पडता पडता वाचली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. इथं तर खरोखरच घागर होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आजोबांनी माळ्यावरची तांब्याची मोठी घागर काढून, गळ्यापर्यंत बुडेल अशी हौदात टांगून ठेवली होती. तांब्यातलं पाणी शुद्ध असतं, आपल्या वाडवडलांना सगळं ठाऊक होतं, वगैरे एक भाषणही त्यांनी तेव्हा दिलं होतं.

कैरवीनं दोरी ओढून घागर वर घेतली. पाण्याबाहेर राहिलेला गळा काळपट होता, माळ्यावरून काढला होता तसाच. पण पाण्यातलं पोट गुलाबी, झगझगीत, जणू आत्ताच कासाराकडून आणलेलं.

"आजी, ही घागर तू घासलीस?"

"मी? माझे गुडघे बघ आणि ती घागर बघ." आजी पायरीवर बसून उद्याच्या औक्षणासाठी तांब्याचं ताम्हण घासत होती. चिंचेचा गोळा फिरवला की काळं जायचं आणि खालून गुलाबी तांबं हसायचं. घासून काळी-हिरवी झालेली चिंच ती बाजूला टाकत होती.

कैरवी एकदा ताम्हणाकडे बघे, एकदा घागरीकडे. दोन्ही सारखीच चमकत होती. ताम्हणाला चिंच लावली होती. घागरीला कुणी काय लावलं होतं? घागर तर दोन महिने नुसती पाण्यात होती.

"आजी, तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं?"

"कळकतं. हिरवट होतं, तोंडात घेववत नाही. म्हणून तर पूर्वी भांड्यांना आतून कल्हई लावायचे. आंबट पदार्थ तांब्यात ठेवू नये, एवढं तुला माझ्या आजीनंही सांगितलं असतं."

"आणि हौदाचंच ताक झालं असेल तर?"

आजीचा हात थांबला.

तपासणीचा डबा डुंबऱ्याच्या खोपटात होता. कैरवीनं काचेच्या छोट्या नळीत हौदाचं पाणी घेतलं आणि त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी ठीक असेल तर रंग लालसर व्हायला हवा, असं डब्यावर लिहिलं होतं. नळीतलं पाणी पिवळं झालं. डब्यावर पिवळ्या रंगापुढे एकच शब्द होता, आंबट. डुंबऱ्याचा दिवा इतक्या वेळा मिचकला, की तो हो म्हणतोय की टाळ्या वाजवतोय ते कळेना.

कैरवी नळी, रिबन आणि घागर घेऊन आजोबांच्या खोलीत गेली. मागून आजी चिंचेच्या हातानं आली. कैरवीनं सगळं क्रमानं सांगितलं. आजोबांनी ते वर्गातल्यासारखं डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडला.

"तांब्याच्या भांड्यातलं पाणी मी जन्मभर पितोय. माझी जीभ का नाही हिरवी झाली?"

"कारण ते पाणी आंबट नव्हतं, आजोबा. साधं पाणी तांब्याला फारसं हलवत नाही. आंबट पाणी हलवतं."

"बरं. पण हौदाचं पाणी आंबट का झालं? त्यात मी चिंच टाकली नाही. सिद्धता अपुरी आहे."

 खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं, आणि गाडी यायची वेळ जवळ येत होती. "ज्याला माहीत आहे त्याचं तोंड तुम्ही बंद केलंय, आजोबा," कैरवी म्हणाली. "त्याला एकदा विचारा ना. गुन्हेगारालासुद्धा विचारतात."

 आजोबा उठले, हौदावर गेले आणि खाकरून म्हणाले, "डुंबऱ्या, बोल."

"नमस्कार," डुंबऱ्या म्हणाला. "साठलेल्या सूचना एकतीस. त्यांपैकी सर्व एकच आहेत. पाणी आंबट झालं आहे. पाणी आंबट झालं आहे. पाणी—"

"कळलं," आजोबा म्हणाले. "का झालं ते सांग."

"पाण्याचा आंबटपणा मोजायच्या मापाला सामू म्हणतात (सामू सात असेल तर पाणी आंबटही नाही आणि साबणासारखं बुळबुळीतही नाही, सातच्या जितकं खाली, तितकं जास्त आंबट). हौदाचा सामू साडेसातच्या आसपास हवा. आज तो पाच आहे. मी टाकतो त्या क्लोरीनच्या गोळ्या जंतू मारतात, पण विरघळताना थोडं आम्लही सोडतात (आम्ल म्हणजे पदार्थाला आंबट करणारं द्रव्य, चिंचेत, लिंबात असतं ते). ते आम्ल मारायला मी सोडा टाकत असे. सोडा हा आम्लारी आहे (आम्लाशी भिडून त्याचा आंबटपणा घालवणारा पदार्थ). महिन्यापूर्वी सोड्याची पिशवी खोपटातून हलवण्यात आली."

"कुणी हलवली?" आजोबांनी करड्या आवाजात विचारलं.

 आजी पदराशी चाळा करायला लागली.

"मीच ती पिशवी उचलून माळ्यावर ठेवली," ती म्हणाली. "धुण्याचा सोडा होता तो. लहानपणी त्यानं कपडे धुताना हाताची सालं निघायची माझ्या. म्हटलं, असला सोडा माझ्या पाण्यात? अंगाची काय गत होईल? मला काय माहीत त्याला टाकायचा हिशेब ठाऊक आहे म्हणून."

"त्यानं सांगितलं का नाही?" असं आजोबा म्हणाले, आणि वाक्य तोंडातून निघता निघताच त्यांना त्याचं उत्तर मिळालं. ते हौदाच्या काठावर बसले.

"पुढे मी सांगते," कैरवी म्हणाली. "आंबट पाण्यानं घागरीचं तांबं खरवडलं. ते पाण्यात विरघळलं. आणि मग?"

"विरघळलेल्या तांब्याचे आयन झाले," डुंबऱ्या म्हणाला (आयन म्हणजे विजेचा भार असलेला, डोळ्यांना न दिसणारा कण). "केस केराटिनचे बनलेले असतात (केराटिन हे एक प्रथिन आहे, नखंही त्याचीच असतात). तांब्याच्या आयनांना केराटिनला चिकटायला आवडतं. रोज थोडे थोडे चिकटले. जुन्या तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर चढतो, तसेच आजोबांचे केस दिसू लागले. क्लोरीनवर आळ येतो, कारण ते त्याच पाण्यात हजर असतं."

"म्हणजे साप साप म्हणून आम्ही भुई धोपटली," आजोबा म्हणाले. त्यांनी घागरीकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. "घागर माझी, सोडा तुझा. चांगलं करायला गेलो आपण दोघं."

"आणि शिक्षा त्याला," कैरवी म्हणाली. तिला आता खरंच रडू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सिद्धता पूर्ण," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी. आता माझ्या मिशांचं काय?"

"तांबंच असेल तर," आजी ताम्हणाकडे बघत म्हणाली, "ते कशानं निघतं ते मला माहीत आहे."

पुढचा देखावा कराडच्या इतिहासात लिहिला जाणार नाही, पण जावा असा होता. गणिताचे निवृत्त शिक्षक मोरीत पाटावर बसले आणि त्यांच्या पत्नीनं त्यांचं डोकं चिंचेच्या कोळानं ताम्हणासारखं घासायला घेतलं.

"पण डुंबऱ्या," कैरवीनं विचारलं, "आंबटानंच केस हिरवे झाले, मग आंबटानंच पांढरे कसे होतील?"

"आंबट दोन्हीकडे एकच काम करतं," मोरीच्या दाराशी आलेला डुंबऱ्या म्हणाला. "तांबं जिथं बसलं असेल तिथून त्याला उठवणं. घागरीवरून उठलेलं तांबं हौदातच फिरत राहिलं, म्हणून केसांवर बसलं. इथून उठलेलं पाण्याबरोबर मोरीतून जाईल. फक्त भरपूर पाण्यानं धुवा. सगळंच्या सगळं निघेल असं मी सांगू शकत नाही."

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. कंपनीची मुलगी हत्यारांची पेटी घेऊन दारात आली, आणि दार उघडलं ते आजोबांनी. अंगावर पंचा, डोक्यावर चिंचेचा लगदा, मिशांतून कोळ ठिबकतोय.

"बिघडलेलं यंत्र न्यायला आले आहे," ती मुलगी म्हणाली आणि जरा मागे सरकली.

"यंत्र ठीक आहे," आजोबा म्हणाले. "माणसं बिघडली होती. त्यांची दुरुस्ती आतमध्ये चालू आहे."

मुलगी समंजस होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, कुठंही हसली नाही, आणि पाण्यातलं तांबं शोषून घेणारी जाळी गाडीतून काढून दिली. गाडी रिकामी गेली. कैरवीनं ती वळणाआड जाईपर्यंत पाहिली आणि मग डुंबऱ्याच्या ओल्या पाठीवर गाल टेकला. आजीनं माळ्यावरून सोड्याची पिशवी काढायला लावली. डुंबऱ्यानं मोजून मोजून सोडा टाकला, आणि रात्रभर जाळी फिरवत राहिला. सकाळी त्याचा दिवा हिरवा झाला. दिसायला लालच बरा होता, असं आजी म्हणाली, पण हळूच म्हणाली.

पंचाहत्तरी झोकात झाली. केस पांढरेशुभ्र झाले होते. उजव्या मिशीच्या टोकाला हिरवी झाक राहिली होती, तिच्याबद्दल विद्यार्थ्यांनी विचारलं तेव्हा आजोबांनी कल्हईपासून केराटिनपर्यंत सगळा धडा घेतला. कैरवी ऐकत होती आणि तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. आपल्या हौदाला डुंबऱ्या आहे. पण खाली कृष्णा-कोयनेत कोण काय टाकतं, ते नदीला कुठं सांगता येतं? मोठी झाले की नदीसाठी डुंबऱ्या करायचा, असं तिनं ठरवलं. त्याचा आवाज बंद करायची कळच ठेवायची नाही.

दुपारी पाहुणे हौदात उतरले. आजोबा कुणी न सांगता टोपी घालून आले, अगदी कांद्यासारखे. धनंजयराव नेहमीप्रमाणे उथळ बाजूला जाऊन निवांत उभे राहिले. इतक्यात पाण्याखालून तो ठणठणीत आवाज आला.

"सूचना."

सगळे जागच्या जागी थिजले. आजोबांचं तोंड उघडलं, गप्प हा शब्द ओठांवर आलेला कैरवीला स्पष्ट दिसला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आजोबांनी तो शब्द गिळला.

"बोल रे बाबा," ते म्हणाले. "काय असेल ते बोल."

"पाण्याचा सामू साडेसात," डुंबऱ्या म्हणाला. "सर्व ठीक आहे. अजूनपर्यंत."

धनंजयराव शिडी चढून वर आले आणि पंचा गुंडाळून घाईघाईनं न्हाणीघराकडे गेले.